वैमानिकाची मुलाखत आणि एसटीची बेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, माझा आणि विमानाचा संबंध तसा दूरचाच. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. विमानात आजवर मोजून चार वेळा बसलो आणि त्यातल्या दोन वेळा डोळे घट्ट मिटून. तरीही गेली दोन-तीन वर्षे आमच्या मोहल्ल्यातले आणि ओळखीपाळखीचे लोक मला एक विचित्र प्रश्न विचारतात : 'आमच्या मुलाला पायलट व्हायचंय. मुलाखतीची तयारी कशी करायची?' याला कारण माझी भाची.

तिचे वडील म्हणजे माझ्या आपाचे यजमान. आम्ही त्यांना दूल्हेभाई म्हणतो. एकोणतीस वर्षे त्यांनी सोलापूर भागात एसटी चालवली. पोरगी म्हणाली, मला विमान चालवायचे आहे. घरात दोन दिवस कुणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दूल्हेभाई म्हणाले, "गाडीच आहे. जरा उंचावरून जाते, एवढंच." मग गावाकडची सडकेलगतची दोन एकर जमीन गेली, निवृत्तीच्या पैशाला हात लागला, वर बँकेचे कर्ज झाले. दोन-अडीच वर्षांनी मुलगी परवाना घेऊन घरी आली. आता राहिली होती एका विमान कंपनीची मुलाखत.

आणि इथे मी शिरलो. घरात इंग्रजी-मराठी जाणणारा, चार सभांमधून बोललेला मामा मीच. मी तिला उत्तरे लिहून दिली. 'तुम्हाला वैमानिक का व्हायचे आहे?' या प्रश्नाचे उत्तर तर मी असे झोकात लिहिले, की माझे मलाच टाळी वाजवाविशी वाटली. लहानपणापासून आकाश मला साद घालते आहे, वगैरे. तिने ते पाठ केले आणि मुलाखतीत म्हणून दाखवले. समोर बसलेल्या कॅप्टनने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "छान. पण पहाटे तीनला उठून, दिवसात चार उड्डाणं करून संध्याकाळी थकल्यावर हे आकाश तुम्हाला काय म्हणेल?" मुलगी गप्प. पुढचे सगळेच घसरले. पंधरा दिवसांनी नकाराचे पत्र आले.

आपाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरे वाटले असते. त्या दिवशी मी ठरवले, की आता हा विषय आपण विद्यार्थ्यासारखा शिकायचा. मी जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे समजून घेऊ, की या नोकरीला दोन दारे आहेत. पहिल्या दारात कंपनी बारावी झालेल्या मुलामुलींची निवड आधी करते आणि मग ठरलेल्या संस्थेत त्यांना शिकायला पाठवते. याला 'कॅडेट पायलट' योजना म्हणतात. खर्च बहुधा उमेदवाराचाच असतो. दुसऱ्या दारात आपण स्वतः फ्लाइंग क्लबमध्ये किंवा उड्डाण अकादमीत शिकून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायचा आणि मग कंपनीत प्रशिक्षणार्थी सहवैमानिक म्हणून अर्ज करायचा. भाची या दुसऱ्या दाराने गेली.

परवाना देते ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ही सरकारी यंत्रणा. सगळे तिला डीजीसीए म्हणतात. वय 18 पूर्ण हवे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, अशी अट आजवर चालत आली. ती सैल करण्याचा विचार 2025 मध्ये पुढे आला, तेव्हा अर्ज करताना ताजा नियम पाहून घ्यावा. हवाई मार्गशोधन, हवामान, उड्डाणाचे नियम, विमानाचे तंत्र अशा लेखी परीक्षा असतात आणि पास होण्यासाठी शंभरात 70 गुण लागतात. वायरलेसवर बोलण्याचा परवाना वेगळा. प्रत्यक्ष उड्डाण एकूण 200 तास, त्यातले 100 तास विमानाचा ताबा आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर. सगळे धरून खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो, कित्येकदा त्याच्याही पुढे. नंतर कंपनीच्या मोठ्या विमानाचे खास शिक्षण, ज्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात, त्याचा खर्च निराळा.

एक गोष्ट मी कळवळून सांगतो. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्यासाठी 'क्लास वन' ही कडक तपासणी लागते. चष्मा असला म्हणून कुणी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष, कानाचा किंवा हृदयाचा एखादा लपलेला विकार अडचणीचा ठरू शकतो. जमीन विकल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आता निवडीकडे येऊ. नाव मुलाखत असले तरी तो एका दिवसाचा, एका खोलीतला प्रकार नसतो. क्रम कंपनीगणिक बदलतो, पण टप्पे साधारण असे. आधी संगणकावर चाचणी. तीत पडद्यावरचा ठिपका एका हाताने चौकटीत ठेवायचा, कानाने आकडे ऐकायचे आणि मध्येच बेरीज सांगायची. गृहिणींना यात नवल वाटणार नाही. एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाजी, दारात दूधवाला आणि कडेवर मूल अशी परीक्षा त्या रोज देतात. मग चार-सहा उमेदवारांना एकत्र बसवून एखादा प्रश्न सोडवायला देतात. त्यानंतर तांत्रिक मुलाखत, मग स्वभावाची आणि अनुभवाची मुलाखत. काही ठिकाणी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या हुबेहूब नकली कॉकपिटमध्ये बसवूनही पाहतात.

तांत्रिक भागासाठी आम्ही एक नियम केला. प्रत्येक गोष्ट आपाला समजेल अशी सांगायची. आपा सातवी शिकलेली. तिला कळले, की समजायचे मुलीला विषय कळला. नुसती व्याख्या म्हटली, की आपा सांडगे घालायला उठून जायची.

उदाहरणार्थ 'स्टॉल'. मोटारीचे इंजिन बंद पडते त्याला आपण स्टॉल होणे म्हणतो. म्हणून पुष्कळांना वाटते, विमानाचा स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे. तसे नाही. एसटीत लिहिलेले असते, शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये. लहानपणी तो नियम आपण सगळ्यांनी मोडलेला आहे. तळहात वाऱ्यावर आडवा धरून पुढची कड जराशी वर केली, की हात आपोआप उचलला जातो. पण कड वर करतच गेलो, तर एका क्षणी हात उचलला जायचा थांबतो आणि वारा त्याला नुसता मागे ढकलू लागतो. पंखाचेही तेच. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मर्यादेबाहेर गेला, की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल कोसळते. इंजिने व्यवस्थित घोंघावत असतानाही हे होऊ शकते. यावर उपाय एकच, नाक खाली करणे. ऐकायला सोपे आहे. पण 1 जून 2009 रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि 228 माणसे गेली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, कॉकपिटमध्ये गोंधळ उडाला आणि विमान खाली पडत असतानाही नाक वरच ओढून धरले गेले. म्हणूनच परीक्षक हा प्रश्न विचारतात. व्याख्या त्यांनाही पाठ असते. घाबरलेल्या अवस्थेत हातून काय होईल, ते त्यांना पाहायचे असते.

दुसरे उदाहरण आमच्या सोलापूरच्या उन्हाचे. विमानशास्त्रात एक ठरावीक वातावरण मानलेले आहे : समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमान, 1013.25 हेक्टोपास्कल दाब आणि दर हजार फुटांना सुमारे 2 अंशांची घट. सोलापूर साधारण दीड हजार फुटांवर. म्हणजे या हिशेबाने इथे 12 अंश असायला हवेत. मे महिन्यात असतात 42. तापलेली हवा विरळ होते. दाब नेहमीसारखा धरला, तर दर एका जादा अंशामागे विमान जणू 120 फूट अधिक उंचीवर असल्यासारखे वागते. तीस अंशांचे झाले 3600 फूट. म्हणजे सोलापूरच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान 5100 फुटांवर, महाबळेश्वरच्याही वर उभे असल्यासारखे दमते. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, म्हणून धाव लांब लागते. हे ऐकून आपा म्हणाली, "म्हणजे उन्हाळ्यात त्यालाही धाप लागते!" यापेक्षा चांगले उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही.

तोंडी हिशेबही लागतात. खाली उतरायचे असेल तर जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधीपासून सुरुवात करायची. तीस हजार फूट असतील, तर नव्वद मैल. उतरताना जमिनीसापेक्ष वेग 140 नॉट असला, तर त्याची पाचपट, म्हणजे मिनिटाला 700 फूट उतरणे बरोबर. भाजी निवडता निवडता आम्ही हे हिशेब घालायचो. कागद-पेन्सिल बंद.

मग इंग्रजीची भीती. लहान गावातल्या मुलांना वाटते, आपले इंग्रजी झुळझुळीत नाही, म्हणजे संपले. इंग्रजी किमान ठरलेल्या पातळीचे हवेच आणि त्याची परीक्षाही असते. पण विमानातले इंग्रजी साहित्यिक नसते. एका शब्दाला एकच अर्थ, हा त्याचा प्राण. कवी म्हणून मला हे फार जड गेले. आम्ही आयुष्यभर एका शब्दातून चार अर्थ काढायला धडपडतो. या लोकांना दोन अर्थ परवडत नाहीत.

27 मार्च 1977. टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुके. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जम्बो विमाने एकाच धावपट्टीवर. केएलएमचा सहवैमानिक रेडिओवर अशा अर्थाचे बोलला, की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. टॉवरला वाटले, टेक-ऑफच्या जागेवर उभे आहेत. टॉवरमधून आधी 'ओके' आले आणि पुढचे 'थांबा' हे दोन संदेश एकमेकांवर आदळल्याने कॉकपिटमध्ये नीट ऐकू गेले नाही. खरे तर ते विमान धावू लागले होते. 583 माणसे मेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, अशी शिस्त लागली. म्हणून भाचीला मी सांगितले, की प्रश्न कळला नाही तर सरळ म्हण, 'कृपया पुन्हा विचारा.' त्यात कमीपणा नाही. न कळता मान डोलावणे हा या धंद्यात गुन्हा आहे.

टेनेरीफची कथा इथे संपत नाही. केएलएमच्या कॉकपिटमध्ये मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, असे त्याने विचारलेही. कॅप्टन कंपनीतला अत्यंत मानाचा माणूस. त्याने शंका झटकून टाकली. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही.

आपल्याकडे 22 मे 2010 रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. 158 जण दगावले. चौकशीत निष्पन्न झाले, की विमान फार उंच आणि फार वेगात येत होते. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असे एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते. कॅप्टनने ऐकले नाही.

त्यामुळे आज प्रत्येक मुलाखतीत या ना त्या रूपात हा प्रश्न येतो : कॅप्टन तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे, तो चुकतो आहे, तुम्ही काय कराल?

श्रोतेहो, आमच्या घरात या प्रश्नाने शांतता पसरली. कारण आपण मुलांना काय शिकवतो? मोठ्यांना उलटून बोलू नये. मुलीला तर जास्तच शिकवतो. वीस वर्षे आपण तिला मान खाली घालून ऐकायला लावले आणि आता कंपनी विचारते आहे, की वेळ आली तर मान वर करशील का? मी पुस्तकातून वाचून सांगू लागलो : आधी माहिती द्यावी, मग सूचना करावी, मग स्पष्ट इशारा द्यावा, तरीही ऐकले नाही तर ताबा घ्यावा. हे सगळे बरोबर होते. पण मुलीच्या चेहऱ्यावर ते उतरत नव्हते.

तेव्हा पलंगावर बसलेले दूल्हेभाई बोलले. "कंडक्टरने डबल बेल दिली की गाडी काढायची. सिंगल बेल दिली की थांबवायची. का दिली, ते थांबल्यावर विचारायचं. ड्रायव्हर किती का जुना असेना."

मग ते जरा थांबले आणि जी गोष्ट त्यांनी आपालाही कधी सांगितली नव्हती, ती सांगितली. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. गाडीला उशीर झालेला. कंडक्टर नवखा पोरगा. एका स्टॉपवर डबल बेल झाली, गाडी हलली आणि लगेच सिंगल बेल वाजली. दूल्हेभाईंना वाटले, पोराच्या हातून चुकून दोरी ओढली गेली. गाडी चार-सहा हात पुढे गेली. एक म्हातारी बाई उतरत होती. पायरीवरून पडली, गुडघे फुटले. फार लागले नाही. "पण मागचं चाक तिच्यापासून हातभर होतं," ते म्हणाले. "त्या पोराला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. बस्स, एवढीच गोष्ट आहे. चूक माझी. त्यानंतर सिंगल बेल कधी मोडली नाही."

मुलगी बराच वेळ वडिलांकडे पाहत राहिली. त्या संध्याकाळी आम्ही पुढे काही तयारी केली नाही.

आणखी एक बाब. अपयशाचा प्रश्न हमखास येतो. भाची हवामानाच्या पेपरात पहिल्या वेळी नापास झाली होती. मी आधी म्हणालो होतो, ते सांगू नकोस. नंतर माझी मलाच लाज वाटली. कागदावर सगळे दिसतेच. आणि या क्षेत्रात लपवाछपवीची किंमत वेगळी असते. 2011 मध्ये देशात बनावट गुणपत्रिका देऊन परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, वैमानिकांना अटक झाली. उड्डाणाचे तास लिहायच्या लॉगबुकात एक तास खोटा लिहिला, तरी तो माणूस कधीतरी खोटा तास प्रवाशांसकट उडवणार. म्हणून अपयश सरळ सांगावे. काय झाले, आपले कुठे चुकले, मग काय बदलले. तीन वाक्ये पुरतात. रडगाणे नको आणि मास्तरांवर ढकलणेही नको.

दुसऱ्या कंपनीची मुलाखत पुढच्या वर्षी आली. जाताना मी तिला एकही ओळ लिहून दिली नाही. कंपनीकडे कोणती विमाने आहेत, तळ कुठे आहेत, अलीकडे कोणते मार्ग सुरू झाले, ते तिने स्वतः वाचले. 'वैमानिक का?' या प्रश्नाला तिने सांगितले, "माझे वडील ड्रायव्हर होते. चाळीस-पन्नास माणसं सुखरूप पोचवून आल्यावर ते ज्या समाधानानं जेवायचे, ते मी लहानपणापासून पाहिलंय. मला तसं जेवायचंय." आणि कॅप्टनचा प्रश्न आला, तेव्हा तिने सिंगल बेलची गोष्ट सांगितली, म्हातारीसकट. समोरच्या वयस्कर कॅप्टनने चष्मा काढून पुसला आणि विचारले, "उद्या तुम्ही कॅप्टन झालात आणि तुमच्या सहवैमानिकाने बेल दिली तर?" ती म्हणाली, "थांबेन. का दिली, ते नंतर विचारेन."

तिची निवड झाली. आता ती सहवैमानिक आहे. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि बरीच वर्षे चालतील, हेही सांगायला हवे. परवाना असून वर्ष-दोन वर्षे घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. विमान कंपन्यांची भरती पावसासारखी असते, कधी धो धो, कधी कोरडी. म्हणून या वाटेला जाताना हाताशी दुसरे शिक्षण ठेवा आणि घरातला शेवटचा दागिना मोडू नका.

मुलींच्या पालकांना मात्र एवढे सांगेन, की घाबरू नका. 1985 मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले, तेव्हा कॉकपिटमध्ये दोघीही बायका, ही बातमी होती. आज आपल्या देशातल्या वैमानिकांत सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

परवा भाचीचा फोन आला होता. दूल्हेभाई फार बोलत नाहीत. जेवलीस का, झोप झाली का, एवढे विचारतात. आणि फोन ठेवण्यापूर्वी हमखास एक प्रश्न : "आज बेल द्यायची वेळ आली का?" बहुतेक दिवशी ती "नाही अब्बा" म्हणते. परवा म्हणाली, "हो. पावसात नीट उतरता येत नव्हतं. मी म्हटलं, गो अराउंड. कॅप्टननं लगेच वर घेतलं."

"मग?" दूल्हेभाईंनी विचारले.

"मग काय, पुन्हा फिरून आलो, उतरलो. दहा-बारा मिनिटं उशीर झाला."

"होऊ दे," दूल्हेभाई म्हणाले आणि जेवायला बसले.